यादीबाहेरचं दुखणं

नसीम सिस्टरांचं नाव पहिल्या ओळीत लिहून ठेवते. मला लिहायची सवय नाही. मधेच अडकले, भ्याले, कागद तसाच घडी करून ठेवला, तरी हे नाव तेवढं लिहून झालेलं असावं. आमच्या आबांच्या पायासाठी पुष्कळांनी केलं. डॉक्टरांनी केलं, भावानं पाठुंगळीला घेऊन आणलं-नेलं. पण आबांना पाय लांब करून झोपायला मिळालं, ते सिस्टरांमुळं.

मी सहावी शिकलेली. सहावीत असताना पाऊस हुकला, आबांनी मेंढरं घेऊन गोदाकाठाला जायचं ठरवलं. बिऱ्हाडाच्या घोड्यावर माझं दप्तर बांधलं गेलं, ते परत शाळेत उतरलं नाही. आता मी गुजरातेत मोरबीला असते. टाइलच्या कारखान्यात पट्ट्यावरून येणाऱ्या फरशा बघायच्या, चीर असलेली बाजूला काढायची. इथं नवऱ्याशिवाय मराठी बोलायला कुणी नाही. माझ्या लिहिण्यात चुका असतील, माफ करा, असं सिस्टरांपुढं म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "माफी काय को मागती? लिही."

आमच्याकडं, दौलताबादजवळच्या शहरात, उस्मानपुऱ्यात एका ट्रस्टचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला, एक्सरेच्या खोलीला लागून, एक अरुंद खोली. दारावर पाटी होती, 'वेदना उपचार कक्ष'. गावाकडच्या लोकांना ती वाचता यायची नाही, ते म्हणायचे, दुखण्याची खोली. त्या खोलीच्या सिस्टर म्हणजे नसीम सिस्टर.

उंचीला माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. पन्नाशीच्या. सलवार-कमीजवर पांढरा कोट, मनगटावर पुरुषांचं घड्याळ, तेही आतल्या बाजूला फिरवलेलं. खोलीत एकच स्टूल होतं, ते पेशंटचं. मी त्यांना त्यावर बसलेलं कधी पाहिलं नाही. भाकरी आणि लसणाची चटणी असा डबा असायचा, तो खिडकीशी उभं राहून खायच्या. माणसाला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "थंडा हात लागला की दुखणारा माणूस अजून आकसतो. घास की जरा, पैसे लागत्यात का?"

गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली. भिंतीतल्या लोखंडी कपाटात कडक गोळ्या होत्या, मॉर्फिनच्या. त्यांच्याबाबतीत सिस्टर फार कडक. रिकामं पाकीट परत आणायचं, मगच नवं मिळायचं. एकदा मोठ्या गाडीतून आलेला एक माणूस म्हणाला, आईच्या गोळ्यांचं पाकीट हरवलं, लिहून टाका. त्याला त्यांनी घरी पाठवलं, शोधून आण म्हणाल्या. तो चिडला, वरच्यांची ओळख सांगायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "ओळख त्यांना सांगा. मला पाकीट दाखवा." पाकीट तासाभरात सापडलं, सोफ्याच्या फटीत.

हे सगळं मी नंतर पाहिलं. पहिल्या दिवशी मला दिसला तो फक्त कपाटावरचा कागद. प्लास्टिकच्या पिशवीखाली चिकटपट्टीनं लावलेला, पिवळा पडलेला. वर ठळक लिहिलं होतं की ह्या गोळ्या खालील आजारांसाठीच मिळतील. खाली पाच-सहा आजार, सगळे कॅन्सरचे. आमच्या तळावर वाचता येणारी मी एकटी, म्हणून मीच आबांसोबत गेले होते, आणि तो कागद मी वरपासून परत वाचला. कारण आबांचा आजार त्यात नव्हता.

आबांच्या पायाच्या रक्ताच्या नळ्या आवळत चालल्या होत्या. बिडीनं होतं हे, असं मोठे डॉक्टर म्हणाले. त्या सालात आमचा तळ दौलताबादच्या खाली पडला होता. पाऊस सलग हुकत होता, आणि शहर त्याच रस्त्यानं आमच्याकडं सरकत होतं. ज्या माळावर मेंढरं चरायची, तिथं चुन्याच्या रेघा मारलेल्या, प्लॉटच्या कोपऱ्याकोपऱ्याला दगड रोवलेले. अशाच एका दगडाला ठेच लागली आणि अंगठा फुटला. तो भरलाच नाही. आधी निळा झाला, मग काळा. आबा दिवसरात्र बाजेवर बसून पाय खाली लोंबता ठेवायचे. वर घेतला की आग व्हायची. बसल्या बसल्या डुलकी, मान पडली की जाग.

पहिल्या भेटीत सिस्टरांनी तळवे घासले, पाय हातात घेतला आणि विचारलं, "मामा, शून्य म्हणजे काहीच दुखत नाय. दहा म्हणजे जीव जाईल एवढं. तुमचं किती?"

आबांनी छताकडं पाहिलं. सिस्टरांच्या हातातल्या पेनाकडं पाहिलं.

"असंल की दोन."

त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. बापानं सांगितलेला आकडा लेकीनं खोडायचा नसतो, एवढंच मला कळत होतं. सिस्टरांनी दोन लिहिलं, आणि दोनाला मिळतात त्या साध्या गोळ्या आम्हाला मिळाल्या. पंधरा दिवसांनी परत गेलो, तेव्हा आबा म्हणाले, "तीन." सिस्टर त्यांच्या आवळलेल्या दाढांकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "तीन तर माझं पण दुखतं, मामा." पण लिहिलं तीनच. माणूस सांगेल तेच लिहायचं, ही त्यांची रीत होती. आपल्या मनानं कुणाचं दुखणं वाढवायचं नाही आणि कमीही करायचं नाही.

त्यानंतर माझे मामा गांजाची पुडी घेऊन आले. कुण्या गोसाव्यानं दिली, म्हणाले, ह्यानं हत्तीचं दुखणं थांबतं. आबांनी ओढला. थोडा वेळ हसले, घोड्याला पाव्हणं म्हणाले, आणि हसता हसताच पाय धरून कण्हायला लागले. दुसऱ्या दिवशी उरलेली पुडी बघून माझी झोप उडाली. तळावर सापडली तर भावाला धरून नेतील. टाकायचीही भीती, मेंढरानं खाल्ली तर. शेवटी ती कनवटीला लावली, गाडी धरली आणि सिस्टरांकडं गेले. वाटेत एक हवालदार शेजारी उभा होता, त्या सगळ्या वेळात मी श्वास कसा घेतला ते मलाच माहीत.

सिस्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पुडी उघडली, वास घेतला, आणि धुण्याच्या भांड्यात पाणी सोडून वाहवून टाकली. मग विचारलं, "थांबलं का ह्यानं?"

"नाय."

"मग दोन दुखणारा माणूस हे ओढायला का जातो, ठकू?"

त्या कपाटाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. रागात असल्या की त्यांचं दखनी सुटायचं, आता मात्र हळू मराठीत बोलल्या. "आपण औषध कुलपात ठेवायचं. माणसानं चोरासारखं दुसरं शोधायचं. मग आपणच त्याला चोर म्हणायचं. चांगलं आहे." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, रविवारी मी तळावर येते. मी म्हटलं, सिस्टर, तिथं बसायलाही काही नाही. त्या म्हणाल्या, "मी बसते कधी?"

रविवारी सकाळी रिक्षा दौलताबादच्या रस्त्याला सोडून त्या प्लॉटांच्या दगडांमधून चालत आल्या. डोक्यावर ओढणी, हातात कापडी पिशवी. आईनं कोरा चहा केला. आबा बाजेवर, पाय लोंबता. मागं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आमची मेंढरं. बोलणं सुरू करायचं म्हणून सिस्टरांनी विचारलं, "मामा, मेंढरं किती हायेत?"

"असतील चार-दोन," आबा म्हणाले.

सिस्टर वळून बघत राहिल्या. वाघुरीत शंभराच्या वर डोकी होती. सगळी एकदम ओरडत होती, त्यांच्या आवाजात आबांचं उत्तर नीट ऐकूही आलं नसेल असं वाटून मी पुढं झाले, तर त्यांनी हातानं मला थांबवलं.

"ही चार-दोन?"

"व्हय."

"आन् पाय किती दुखतो म्हणला होता?"

आईनं पदर तोंडाला लावला, हसू आवरायला.

आमच्यात मेंढरांचा आकडा कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. आणि आकडा विचारणारा माणूस कधी चांगल्या कामाला येत नाही. जंगलातला शिपाई विचारतो, ज्याच्या शिवारातून जायचं तो पाटील विचारतो. विचारणाऱ्याच्या हातात पेन असलं की आकडा लहान सांगायचा, हे आबांच्या हाडात मुरलेलं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना कुणी आकडा विचारला, त्यांनी आकडा सांगितला. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी दोन वेळा त्या खोलीत शेजारी उभी राहून हे पायाच्या आकड्याशी जोडून पाहिलं नाही. ह्याची लाज मला आजही वाटते.

सिस्टरांनी पेन पिशवीत टाकलं. पहिल्यांदाच त्यांना बसलेलं पाहिलं, बाजेसमोर जमिनीवर, आबांच्या पायाच्या उंचीला.

"पाण्याच्या टाकीपर्यंत जाता का, मामा?"

"नाय."

"मेंढी व्याली तर कोकरू उचलता?"

"ही उचलती," आबांनी माझ्याकडं बोट केलं.

"जेवण?"

"भूक नाय लागत."

"पाय लांब करून कवा झोपला होता?"

आबांनी विचार केला. खरंच आठवत होते. मग म्हणाले, "पोळ्याच्या आधी."

पोळा होऊन चार महिने झाले होते. सिस्टर एकदम हात पुढं करून म्हणाल्या, "आता ते मुंडासं द्या." आबा नाही-नाही म्हणायच्या आत त्यांनी फेट्याच्या घडीतून बिड्यांचे दोन कट्टे काढले. "आन् ह्या? ह्या पण चार-दोनच असतील." आबा लहान पोरागत खाली बघत बसले. "गोळीसाठी भांडायचं काम माझं," सिस्टर म्हणाल्या. "बिडीशी भांडायचं तुमचं. मी हरले तर तुम्ही मला बोला, तुम्ही हरला तर मी बोलीन. आन् मला लई बोलता येतं."

सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा खोलीत मोठे डॉक्टर होते आणि औषधांचा कारभार बघणारे साहेब होते. सिस्टरांनी कालचं सगळं लिहून आणलं होतं. टाकी, कोकरू, जेवण, पोळा. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. साहेबांनी वाचलं नाही. ते म्हणाले, ह्यांना कॅन्सर नाही.

"नाय," सिस्टर म्हणाल्या.

"मग नियमात बसत नाही."

"कुठल्या?"

साहेबांनी कपाटावरच्या कागदाकडं हात केला. सिस्टरांनी चष्मा लावला आणि कापडी पिशवीतून जाडजूड कागदांचा गठ्ठा काढला. कोपरे दुमडलेले, पेन्सिलीच्या खुणा. त्या म्हणाल्या, साहेब, हे कायद्याचे कागद. मी सगळे वाचले, समजलं नाही तिथं पुतण्याला विचारलं. गोळी कशी ठेवायची, कुणी लिहायची, वहीत काय नोंदवायचं, सगळं ह्यात आहे. आजारांची यादी ह्यात कुठंच नाही. दुखणं बघून डॉक्टरांनी ठरवायचं, एवढंच आहे. साहेब म्हणाले, मग हा कागद काय उगाच लावलाय? सिस्टर म्हणाल्या, तेच मी विचारते. ह्यावर सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही. मी इथं आले त्याच्या आधीपासून आहे. तेव्हा इथं फक्त कॅन्सरचे लोक यायचे, कुणीतरी आपल्या आठवणीसाठी लिहून लावला असेल. आणि मी, नसीम, इतकी वर्षं रोज त्याच्याखाली उभी राहून माणसं परत पाठवली.

मग त्यांनी नखानं चिकटपट्टी उचकटली, कागद काढला, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत टाकला.

"ज्याचा असंल तो मागायला येईल. त्याला देईन."

मी दाराला टेकून उभी होते. आता आम्हाला हाकलणार, हेच डोक्यात. डॉक्टर भला माणूस, पण सावध. ते म्हणाले, सिस्टर, उद्या काही झालं तर हे माझ्यावर येईल.

"तुमच्यावर फक्त सही येईल, सर," सिस्टर म्हणाल्या. "बाकीचं सगळं माझ्यावर येऊ द्या."

डॉक्टरांनी आबांकडं पाहिलं. आबा स्टुलावर, पाय खाली सोडून, डोळे मिटलेले. त्यांना ह्या भांडणातलं काहीच नको होतं, बसल्या बसल्या एक डुलकी हवी होती. डॉक्टरांनी सही केली.

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारची वेळ. मी चारा-छावणीवरून आले तर आई वाघुरीजवळ उभी होती. तिनं नुसतं बोट केलं. आबा बाजेवर आडवे होते. दोन्ही पाय लांब, तोंड उघडं. आम्ही दोघी जवळ जायला धजत नव्हतो. इतक्या दिवसांत त्यांना असं पाहिलंच नव्हतं, आणि आमच्या डोळ्यांना सरळ निजलेला माणूस म्हणजे गेलेला माणूस. मग आबा घोरले. आई तिथंच मातीत बसली आणि रडली, आणि मी तिच्यावर उगाच ओरडले, गप की, उठतील.

पुढं उन्हाळ्यात पाऊल कापावं लागलं. बिडी सुटली, पण उशिरा सुटली. त्यानंतर आबा दोन हिवाळे जगले. काठीवर वाघुरीपर्यंत जायचे, कोकरं मांडीवर घेऊन बसायचे. गोळी हळूहळू कमी झाली, मग बंद झाली. ती बंद करतानाही सिस्टर तेवढ्याच कडक, पाकीट दाखवा, उरल्या त्या परत द्या.

कागद काढल्याची नोटीस त्यांना आली. विचारल्याशिवाय कार्यालयातली वस्तू हलवली म्हणून. त्यांनी लेखी उत्तर दिलं, कागद माझ्या डब्याच्या पिशवीत सुरक्षित आहे, मालकानं ओळख पटवून घेऊन जावा. त्यावर त्यांना तीन महिने चादरींच्या खोलीत टाकलं. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन दुखण्याच्या खोलीत यायच्या, खिडकीशी उभं राहून खायच्या आणि नव्या सिस्टरला सांगायच्या, आकडा मागू नको, काय करायचं राहिलं ते विचार. तोवर लोकांना कळलं होतं. भाजलेली एक बाई यायची, मणक्याचा एक म्हातारा, कुणी मूत्रपिंडाचं. सगळ्यांना कडक गोळी मिळाली असं नाही. कुणाला साधी पुरायची, कुणाला सिस्टर स्वतःच नाही म्हणायच्या. पण ऐकून घेतल्याशिवाय कुणी परत गेलं नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांनीच त्यांना परत मागून घेतलं.

मी त्यांना काळं घोंगडं नेऊन दिलं होतं, आईच्या हातच्या सुताचं. त्यांनी गालाला लावून पाहिलं, लई छान म्हणाल्या. पुढच्या वेळी गेले तर ते स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "नक्को बोलूस. त्याला थंडी वाजती."

आबा गेल्यावर माळ पुरता गेला, भावानं निम्मी मेंढरं काढली आणि माझं न् नवऱ्याचं मोरबीला यायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी खोलीवर गेले. बाहेर आठ-दहा माणसं बसलेली, कपाट उघडं आणि रिकामं. कित्येक दिवस गोळ्या आल्याच नव्हत्या. सिस्टर टेलिफोनवर होत्या.

"नाय साहेब, मी त्यांना उद्या या म्हणणार नाय. तुम्ही या. इथं समोर उभं राहून तुम्ही सांगा, मग मी फोन ठेवते."

मला पाहून त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. गाडी किती वाजता, विचारलं. मी सांगितलं. "मग इथं काय करती? जा." मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले, डोक्यावर ओझरता हात ठेवला आणि परत फोनला लागल्या. मी दारातून वळून पाहिलं. त्यांची पाठ माझ्याकडं होती. एका हातात फोन, आणि दुसरा हात मागं कमरेवर, मुठीनं दाबून धरलेला. तोल सांभाळत त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. इतकी वर्षं उभं राहून त्यांचंही काहीतरी दुखत होतं, आणि ते विचारायचं मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. विचारायला परत आत जावं एवढं धाडस झालं नाही. मी स्टेशनची रिक्षा पकडली.

सिस्टर, तुम्हाला मूलबाळ नाही, घरी एक थकलेली बहीण आहे, एवढं मला माहीत आहे. कधीतरी तुम्हालाही कुठल्यातरी खोलीबाहेर बसावं लागेल. त्या दिवशी मला कळवा. मी मोरबीहून निघेन, तुमचं जेवण करीन, हात घासून मग तुमची कंबर चोळीन. आणि कुणी तुम्हाला म्हणालं की तुमचं दुखणं आमच्या नियमात बसत नाही, तर मी तिथून हलणार नाही. मी भित्री आहे, माझा आवाज कापेल. तरी भांडेन.